खालची गोधडी

पहाटे गॅलरीतला दिवा लावला की आधी आवाज येतो. शिट्टी म्हणावी तर शिट्टी नाही, पाखरू म्हणावं तर पाखरूही नाही. तेल न घातलेल्या रहाटाचं चाक कुणी हलकेच फिरवून सोडून द्यावं तसा वर वर चढत जाणारा, लाडिक, हट्टी ‘वीऽक’. कोथिंबिरीच्या पिशवीची सळसळ दोन खोल्यांपलीकडून ओळखणारे दोन जीव जाळीला नाकं टेकवून उभे असतात. एक पांढुरकी, एक करडी. लेकीनं नावं ठेवली ज्वारी आणि बाजरी, आणि नावं ठेवून बारावीनंतर ती पुण्याला शिकायला निघून गेली. खोलीत तिचं टेबल राहिलं, भिंतीवर जुनं वेळापत्रक राहिलं, आणि माझ्या वाट्याला राहिलं हे पिंजराभर अंथरूण.

म्हणून मी आधी त्यांच्याकडे बघत नाही. आधी कापडाकडे बघते.

सायीच्या रंगाचं, लवदार, हाताला मांजरीच्या पोटासारखं लागणारं कापड. रात्रभराचं सगळं त्यावर उमटलेलं असतं. डाव्या कोपऱ्यात पिवळसर ओलसर ठसा, मधोमध गवताच्या काड्यांचा पसारा, इकडंतिकडं विखुरलेल्या लांबट काळपट लेंड्या, आणि पाण्याच्या बाटलीपासून लांब, भिंतीच्या आडोशाला, दोन वाटोळे खळगे शेजारी शेजारी. तिथं त्या दोघी निजल्या होत्या. खळग्यावर तळवा ठेवला की अजून ऊब लागते. लेकीच्या पांघरुणाखाली अशीच ऊब सापडायची, ती शाळेत गेल्यावर, चादरीची घडी घालताना.

गिनीपिग हा शब्द मला आधी वर्तमानपत्रात भेटला होता. प्राणी फार नंतर भेटला. ‘जनतेचा गिनीपिग केला’, ‘विद्यार्थ्यांना गिनीपिग बनवलं’ असं वाचत आपण मोठे झालो, पण ज्याच्या नावानं एवढी रड चालते तो दिसतो कसा, हे विचारावंसं कधी वाटलं नाही. आमच्या बीडमध्ये तर शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावला. “पिग म्हणजे डुक्कर ना गं? आणि देवघराच्या भिंतीला लागून?” त्यांना सांगितलं, हे डुक्कर नाही आणि गिनी देशातलंही नाही. पेरू, बोलिव्हिया, तिकडच्या अँडीज डोंगरातलं. तिथल्या माणसांनी हजारो वर्षांपूर्वी ते घरात आणलं, चुलीच्या उबेला वाढवलं, आणि खाल्लंही. शेवटचा शब्द मी गिळला. काकू माळकरी आहेत.

वर्तमानपत्रातली ती रड मात्र अगदीच उगाच नव्हती; प्रयोगांत हा प्राणी खरंच वापरला गेला. शास्त्रज्ञ हाफकिन यांनी पॅरिसमध्ये कॉलऱ्याची लस तयार करताना तो जंतू पुन्हा पुन्हा गिनीपिगांच्या पोटातून नेला होता. मग ती लस घेऊन ते हिंदुस्थानात आले, आणि आज परळला त्यांच्या नावाची संस्था उभी आहे. नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख या दोघा शास्त्रज्ञांना १९०७ साली गिनीपिगांना स्कर्व्ही झालेला दिसला, आणि जीवनसत्त्वांच्या शोधाला वाट मिळाली. कारण काय, तर माणसाप्रमाणेच या प्राण्याच्या शरीरातही ‘क’ जीवनसत्त्व तयार होत नाही. ते बाहेरून, पानातून, फळातूनच घ्यावं लागतं. म्हणून ही रोजची कोथिंबीर, मधूनच ढोबळ्या मिरचीची फोड, थंडीत आवळ्याचं एखादं काप. आपल्यासारखीच एक उणीव घेऊन जन्माला आलेला जीव. मला हे कळलं त्या दिवसापासून मी या दोघींना ‘अगं’ म्हणायला लागले.

आणायला गेलो तेव्हा पिंजरा लोखंडी जाळीच्या तळाचा मिळाला. घाण खाली पडते, तसराळं काढून धुतलं की झालं, असं विकणाऱ्यानं सांगितलं. सोयीचं होतं. माणसाच्या सोयीचं. महिन्याभरानं ज्वारी एका जागी बसून राहिली, मागचा पाय किंचित उचलून. तिला उलटी करून मांडीवर घेतली, तेव्हा पहिल्यांदा तो तळवा बघितला. पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला तीन. आणि त्या मागच्या तळव्याला केस नसतात, नुसती गुलाबी, उघडी, नवजात बाळाच्या टाचेसारखी कातडी असते. त्या कातडीवर तारेचा वळ होता. लाल, फुगलेला. हातात माझ्या तिचं काळीज इतकं भरभर उडत होतं की ते वेगळं धडधडत नव्हतंच, नुसतं थरथरत होतं.

जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. बाहेर दोन शेळ्या आणि एक गाभण म्हैस थांबलेली. डॉक्टर हसले, पण मनापासून बघितलं त्यांनी. मलम दिलं आणि म्हणाले, “मॅडम, म्हशीचा असो नाहीतर हिचा, गोठा कोरडा पाहिजे. ओल्यात उभं राहिलेलं जनावर आधी पायानं जातं.”

गोठा कोरडा पाहिजे. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. दुसऱ्या तोंडून, दुसऱ्या बोलीत.

आजी म्हणायची, “वल्ल्या हातरुणावर लेकरू निजवू नाही, आन् म्हातारं बी.” ती सुईण नव्हती, पण आमच्या गल्लीतल्या कितीतरी बाळंतिणींची बाळुती तिनं फाडून दिली. फाडून, कापून नाही. जुनेर हातात घ्यायचं, किनारीशी दातानं चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी सर्रकन ओढायचं. तो ‘चर्र’ आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो. नवं कापड ती बाळाला लागू द्यायची नाही. नव्या कापडाला खळ असते, गर्व असतो, ते पाणी पीत नाही, असं तिचं मत. चार-पाच वर्षं अंगावर वापरलेलं, शंभरदा धुतलेलं, उन्हानं आणि घामानं नमलेलं लुगडं असावं. मग ते गालावर फिरवून बघायचं. हातावर नाही, गालावर. हाताला घट्टे असतात, हात खोटं बोलतो.

आणि मग तीच आजी शेवटी आठ महिने खाटेला खिळली, तेव्हा तिच्या पाठीखालचं कापड बदलायला मी होते. तिला बोलता येत नव्हतं. कुठं दुखतंय, कधी ओलं झालंय, काही सांगता येत नव्हतं. मला जे कळायचं ते कापडावरून कळायचं. एका सकाळी पांढऱ्या धोतराच्या घडीवर रुपयाएवढा फिकट गुलाबी डाग दिसला, आणि मी ओळखलं की पाठ सोलायला लागली.

ज्वारीला डॉक्टरांकडून आणल्यावर आधी पिंजऱ्याची जाळी काढून टाकली, सपाट तळ बसवला, आणि त्यावर काय अंथरायचं हा शोध सुरू झाला. वर्तमानपत्रं घातली, दोन तासांत त्यांचा लगदा झाला आणि ज्वारीच्या पोटाला शाई लागली. वखारीतून लाकडाचा भुसा आणला. त्या बारीक धुळीनं दोघी शिंकायला लागल्या. या जिवांची फुप्फुसं फार हळवी, धूळ सोसत नाहीत आणि मुताचा साचलेला उग्र वासही सोसत नाहीत. घरातला टॉवेल घातला. त्याच्या उभ्या धाग्यांच्या फासात बाजरीचं नख अडकलं आणि तिनं जो आकांत केला तो वरच्या मजल्यापर्यंत गेला.

मग मी पेटी उघडली.

तळाशी आजीची गोधडी होती. वर तिच्या लाल इरकली लुगड्याचा पदर, कडेनं आजोबांच्या फेट्याचं उरलेलं कापड, एका कोपऱ्यात माझ्या बालवाडीच्या फ्रॉकचा निळा चौकोन, आणि सगळ्यावरून ज्वारीच्या दाण्याएवढे टाके, बाहेरून आत, आत, आत, चौकोनात चौकोन उतरत गेलेले. मला मनातून वाटलं होतं, शोध संपला. कापसाच्या जिल्ह्यात राहतो आपण. दिवाळीच्या आगंमागं गेवराई, माजलगाव, वडवणीच्या रस्त्यांवर कापसानं भरलेल्या गाड्या डुलत जातात आणि कडेच्या बाभळींना पांढरे पुंजके लटकत राहतात. दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघालेल्या ट्रकवर संसाराच्या शेंड्याला दोरीनं आवळलेली गोधड्यांची वळकटी असते, आणि पुढचे चार-पाच महिने त्याच गोधड्या परमुलखातल्या कोपीत पाचटावर अंथरल्या जातात. आमच्या मातीला कापसाची पांढरी माया आहे. मग त्या दोन इवल्या जिवांना आजीच्या सुती मायेपेक्षा आणखी काय लागणार?

गोधडी हरली.

सांगायला वाईट वाटतं, पण हरली. कापूस पाणी पितो, आपल्या वजनाच्या कितीतरी पट पितो, आणि प्यायलेलं धरून ठेवतो. सोडत नाही. वरून हात लावला की गार ओल हाताला लागायची, आणि त्या ओलीवर ज्वारीचे ते उघडे तळवे. शिवाय टाके. एका रात्री बाजरीनं दोऱ्याचं टोक उचकटलं, आणि सकाळी तो दोरा तिच्या बोटाभोवती दोन फेरे घेऊन बसलेला. कात्रीचं टोक त्या बोटाखाली सरकवताना माझा श्वास थांबला होता. दोरा तुटला. लाल दोरा होता, आजीच्या हातचा.

लेकीचा फोन आला. “आई, फ्लीस घे. सगळे तेच वापरतात.” सगळे म्हणजे कोण, ते विचारलं नाही. सुभाष रोडवरच्या दुकानात गेले. फ्लीस म्हटल्यावर दुकानदार गोंधळला, कापडाला हात लावून वर्णन केलं तेव्हा म्हणाला, “एसीचं ब्लँकेट म्हणा की ताई.” त्यानं गठ्ठा खाली ओढला. चॉकलेटी, मेंदी, जांभळ्यावर काळे ठिपके. “मळखाऊ घ्या. धुवायची कटकट नाही.”

मळखाऊ. आपल्या भाषेतला हा एक मोठा समंजस आणि थोडासा लबाड शब्द. प्रवासाची पिशवी मळखाऊ, सोफ्याचं कापड मळखाऊ, मुलांचे गणवेश मळखाऊ. मळ असतो, दिसत नाही. सगळ्यांची सोय होते. मी त्याला म्हटलं, मला मळ दिसणारं द्या. तो माझ्याकडे बघत राहिला. शेवटी कोपऱ्यातून हे साईरंगाचं निघालं, कुणी न घेतलेलं, कडेला किंचित पिवळं पडलेलं. त्यानं किंमतही कमी केली.

कुणाला सांगणार, की ज्याला बोलता येत नाही त्याच्याखाली कधी मळखाऊ कापड घालू नये.

घरी येऊन त्यावर चमचाभर पाणी टाकलं. पाणी आत गेलंच नाही. लवेवर मोत्यासारखं बसून राहिलं. कापड तिरकं केलं तर घरंगळलं, सरळ केलं तर पुन्हा मधोमध येऊन बसलं. खोलीतला दिवा त्या थेंबात उलटा दिसत होता. वाटलं, फसले. मग लेकीनंच सांगितलं, नव्या कापडावर गिरणीचा मुलामा असतो, तो जाऊ दे. पहिल्यांदा धुतलं, थेंब बसला. दुसऱ्यांदा, बसला, पण कडा जरा पसरल्या. तिसऱ्यांदा तो डोळ्यांदेखत हळूहळू खचत गेला. आणि चौथ्या धुण्यानंतर मी गुडघ्यावर बसून वरून थेंब सोडला तर तो पडल्या पडल्या नाहीसा झाला. वर बोट फिरवलं, कोरडं. कापड उचलून खालच्या पांढऱ्या फडक्यावर बघितलं, तर तिथं पावलीएवढी ओल.

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं काय घडतंय ते. हा धागा स्वतः पाणी पीत नाही. तो प्लॅस्टिकच्या जातीचा, पॉलिस्टरचा. पाणी त्याच्या आत जात नाही, धाग्याधाग्यांमधून वाट काढून खाली जातं. पण ते खाली ओढून घ्यायला खाली कुणीतरी तहानलेलं असावं लागतं. नाहीतर सगळंच तळाशी साचणार.

मी गोधडी पुन्हा बाहेर काढली.

पिंजऱ्याच्या मापानं तिला कात्री लावायची होती. दोन दिवस लावली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, घरात कुणी नसताना, लावली. सहा पदर होते. वरचा लाल इरकली, जो आजीनं लोकांनी बघावा म्हणून वर ठेवला होता. खाली धोतर, खाली जुनी चादर. आणि अगदी पोटात, जिथं कधी कुणाची नजर जाणार नव्हती, तिथं मऊ, झिरझिरीत, बोटातून पलीकडचं दिसावं इतक्या विरलेल्या कापडाचे तुकडे जोडून जोडून पसरलेले. गालाला लावून बघितले. बाळुती होती ती. कुणाची, माझी की माझ्या भावाची, कोण जाणे. गोधडी शिवणाऱ्या बायकांचा हा रिवाजच, धड ते वर आणि विरलेलं पोटात. ऊब येते ती पोटातल्या जीर्णातून. मग ते खाली गेलं. वर दुकानातलं साईरंगी कापड, खाली आजी. रात्रभर जे काही ओलं व्हायचं, ते ती पिऊन घ्यायची.

अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. पासोडी म्हणजे तसं अंगावर घ्यायचं, अंथरायचं जाडंभरडं सुती कापड. पण सोळाव्या शतकातल्या या संतकवीनं पस्तीस-चाळीस फूट लांबीच्या तसल्या कापडावर आपलं ‘पंचीकरण’ लिहून काढलं. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश एकमेकांत मिसळून हा देह कसा उभा राहतो, ते. अंथरुणाच्या कापडावर देहाची कथा! मला त्यातलं तत्त्वज्ञान फारसं कळत नाही. पण पहाटेच्या त्या दिव्यात पिंजऱ्यावर वाकले की पासोडी आठवते खरी. इथंही रोज रात्री देह काही लिहून ठेवतो. लेंड्या लहान आणि सुकट झाल्या, म्हणजे कुणीतरी कमी खाल्लं. कोपरा कोरडाच राहिला, म्हणजे बाटलीची गोळी अडकली, पाणी येत नाही. लाल छटा दिसली तर फडक्यानं टिपून, उजेडात नेऊन, दोनदा बघायचं. या जातीचे प्राणी दुखणं लपवतात; रानात दुबळं दिसलेलं पहिलं मारलं जातं, ही सवय त्यांच्या रक्तात आहे. चेहऱ्यावर काही येऊ देत नाहीत. कापडाला मात्र लपवता येत नाही.

वाचून झालं की धुणं.

लेंड्या रोज सुपलीनं भरायच्या, पण कापड बदलायचं दर तीन-चार दिवसांनी. गच्चीवर नेऊन आधी झटकायचं, आणि झटकून निघत नाही ते वेचायचं. आमच्याकडे गवत येतं ते बालाघाटच्या माळावरचं, आणि त्यात कुसळ असतं. ते कुसळ म्हणजे काय चीज आहे! पुढं सुईसारखं अणकुचीदार, मागं पिळदार शेपूट. ओल लागली की शेपूट उलगडतं आणि सुई आत आत शिरते, म्हणजे मातीत बी पेरायची सगळी तयारी. लवदार कापडाला ते माती समजतं. लहानपणी माळावरून आल्यावर आजी आमच्या परकरातून काढायची, तसं मी आता उन्हात बसून एकेक चिमटीत धरते आणि ज्या बाजूनं शिरलं त्याच बाजूनं ओढते. एक राहिलं तर उद्या कुणाच्या तरी डोळ्यात जाईल. अर्धा तास जातो. शाळेतल्या वह्या तपासायच्या राहतात. त्या अर्ध्या तासात डोक्यात काहीही नसतं, आणि ते बरं असतं.

मग गार पाण्यात भिजवणं, मग कढत पाणी आणि बिनवासाची पावडर. वासाची चालत नाही, नाकं झोंबतात. मऊ करणारं ते निळं, फुलांचं चित्र असलेलं द्रव तर मुळीच नाही. ते धाग्यावर बसतं, आणि पुन्हा थेंब मोत्यासारखा वर. यंत्रात टाकायचं तर उशीच्या जुन्या अभ्र्यात घालून तोंड नाडीनं बांधायचं, नाहीतर गवतानं नळी तुंबते. मी बहुतेकदा हातानंच धुते. शेवटच्या पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर, नसलं तर लिंबू. त्याचं कारण मला हळूहळू उमगलं. यांच्या मुतात चुना फार. वाळला की कोपऱ्यात पांढरी खडूसारखी खपली धरते. आणि आमच्या बोअरच्या पाण्यातही क्षारच क्षार. बादलीच्या काठाला, नळाच्या तोंडाला, गिझरच्या पोटात तीच पांढरी खपली. वरून एक, खालून एक. त्यामुळं कापड पापडासारखं कडक व्हायचं. आंबटानं दोन्ही सुटतात. फस्सकन फेस येतो, आणि बोटांखाली कापड पुन्हा सैल पडतं.

या धुण्याच्या वेळी बिंदुसरा आठवते. म्हणजे आताची, पुलावरून नाक दाबून बघायची ती नाही. घट बसायच्या आधीच्या आठवड्यात सगळी गल्ली घरातलं झाडून सगळं अंथरूण घेऊन नदीवर उतरायची. ओल्या गोधडीला दोन टोकांना दोन बायका, मध्ये पीळ, आणि पिळातून निघणारं गढूळ पाणी वाळूत जिरताना होणारा तो चुरचुर आवाज. आम्ही पोरं गोधड्या पायानं तुडवायचो. मग खडकांवर, काटेरी झुडपांवर, वाळूवर रंगीत चौकोनच चौकोन. दुपारी ऊन त्यांच्यात शिरून बसायचं. त्या रात्री निजताना अंगाखाली वाळूचा वास यायचा.

१९८९ च्या जुलैत त्याच नदीनं शहरात शिरून माणसं नेली. पाणी ओसरल्यावरचं मला एकच दृश्य आठवतं. प्रत्येक घरापुढं, कठड्यावर, दोरीवर, सायकलीवर, जिथं जागा मिळेल तिथं, चिखलानं एका रंगाच्या झालेल्या गोधड्या वाळत घातलेल्या. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं होतं त्यांनीसुद्धा घातल्या होत्या. आजीनं आमच्या तीनदा धुतल्या. चिखल निघाला, वास निघाला नाही, आणि तिनं त्या टाकल्याही नाहीत. वरून नवा पदर घालून पुन्हा शिवल्या.

आता बहुतेकदा पूर नाही, पाणीच नाही. खजाना बावडी बांधून रानं भिजवणाऱ्यांचं हे गाव, आणि नळाचं पाणी येतं तेव्हा सण असतो. एप्रिल-मेमध्ये टँकरपुढं घागरींची रांग लागते, त्या दिवसांत वर गच्चीवर या दोघींचं अंथरूण धुताना मला लाज वाटते. खोटं कशाला बोलू. कुणी बघत नाही ना, म्हणून मी कठड्याकडे पाठ करून बसते. पाणी वाया जाऊ देत नाही एवढंच. आपल्या कपड्यांचं शेवटचं पाणी यांना पहिलं, यांचं शेवटचं पायऱ्यांना. पण लाज जात नाही. आणि दुसरीही एक बोच आहे, की त्या साईरंगी कापडाची न दिसणारी प्लॅस्टिकची लव दर धुण्याला पाण्याबरोबर जातच असणार. गोधडीची जायची ती मातीला मिळायची.

मेमध्ये तर कापडच नको होतं. हे थंड डोंगरातले जीव. पारा तिशीला टेकायच्या आधीच कासावीस होतात, आणि आमच्याकडे तो चाळिशी ओलांडतो. खिडकीला ओलं गोणपाट बांधते, बाटलीत बर्फ करून सुती फडक्यात गुंडाळून ठेवते, आणि पिंजऱ्याच्या अर्ध्या भागातलं अंथरूण काढून तिथं शहाबादी फरशीचा तुकडा टाकते. दोघी त्यावर पोट टेकून, मागचे पाय लांब सोडून पडतात. डोळे उघडेच. संध्याकाळी वारा फिरला की आपण होऊन कापडावर येतात.

स्वच्छ, वाळलेलं, उन्हाचा कढ अजून आत असलेलं कापड अंथरलं की काय होतं ते एकदा येऊन बघावं. आधी दोघी कोपऱ्यात दबून बसतात. मग ज्वारी पुढं येते, नाक टेकवते, एक प्रदक्षिणा घालते. आणि अचानक, तव्यावरच्या लाहीसारखी, चारी पाय जमिनीवरून सोडून हवेत उडते, हवेतच अर्धी वळते, पडते, पुन्हा उडते. मागोमाग बाजरी. फुटाणे नुसते. लेकीला व्हिडिओ पाठवला की तिचं उत्तर ठरलेलं असतं: कापड कधी बदललं? जेवलीस का, ते नंतर विचारते.

दीड वर्ष झालं. साईरंगी कापड अजून धड आहे. त्याला काही होत नाही, होणारही नाही. खालची गोधडी मात्र गेली. इतक्या वेळा कढत पाण्यात बुडून, आंबटात भिजून, आमच्या उन्हात वाळून तिचे पदर एकमेकांपासून सुटले. परवा पिळताना मधोमध फाटली, आवाजसुद्धा झाला नाही. पोटातली ती बाळुती तर केव्हाच विरघळून गेली होती, नुसतं जाळं उरलं होतं. मी ते टाकलेलं नाही. गच्चीवर कढीपत्त्याच्या कुंडीत, बुंध्याभोवती, घालून ठेवलंय. ओल धरतं.

दुसरी गोधडी घरात नाही. गल्लीत शोधलं. जुन्या साड्या म्हणून बायका पिशव्या भरभरून काढतात, पण त्यात सगळ्या शिफॉन, जॉर्जेट, सिंथेटिक. पाण्याचा थेंबसुद्धा पीत नाहीत. सुती लुगडं नेसणाऱ्या शेवटच्या आजी आमच्या कोपऱ्यावरच्या घरात होत्या, त्या गेल्या पावसाळ्यात वारल्या. त्यांच्या सुनेकडे मागायला जीभ रेटली नाही. तूर्तास आमच्या ह्यांचे जुने बनियन चौपदरी करून घातलेत. चालतात, पण लवकर भरतात.

तेव्हा तुमच्या पेटीच्या तळाशी एखादं जुनेर असेल, नऊवारी असो की धोतर, पण सुती, विरलेलं, बोहारणीनंही नको म्हटलेलं, तर टाकू नका. बीडला कुणी येणारं-जाणारं असलं तर त्याच्या हाती द्या. आणि किनार तेवढी आधी उसवून घ्या. ती जाड असते, वाळायला दिवस लागतो.